थंड शेगडी, जिवंत तार

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या लांबलचक टेबलावर रूळ मांडलेले आहेत आणि त्यांवरून धावण्यासाठी केलेली चांदीची एक चिमुकली आगगाडी आहे. राजवाडा १८७४ सालचा; गाडी त्यानंतरची. जेवणानंतर पाहुण्यांपुढून पेयांच्या सुरया फिरवीत नेण्याचे काम तिच्याकडे असे. कोणी सुरई उचलली की गाडी थांबे, सुरई जागच्या जागी ठेवली की पुन्हा चालू लागे. राजवाडा पाहावयास येणारी मुले या गाडीपुढे सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात, आणि त्यांत नवल नाही. कारण विजेचे सारे गुपित त्या खेळण्यात सामावलेले आहे. विजेला जाण्याची आणि परत येण्याची वाट अखंड असली तर ती वाहते. वाट कोठेही तुटली की थांबते.

लष्करातील एखाद्या जुन्या मराठी घराच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात असलेली विजेची शेगडी याच नियमाने चालते. उत्तरेकडच्या बोलीला धरून ग्वाल्हेरची मराठी माणसे तिला बहुधा 'हीटर'च म्हणतात. चिनी मातीची किंवा भाजलेल्या मातीची एक तबकडी, तीत नागमोडी खाच, खाचेत बसविलेली स्प्रिंगसारखी तारेची गुंडाळी, खाली पत्र्याची बैठक, एवढाच तिचा संसार. गॅसची टाकी संपली, घरी पाहुणे उतरले, की माळ्यावरून तिला खाली काढण्यात येते. अलीकडे तिच्या शेजारी काचेच्या गुळगुळीत पाठीची 'इंडक्शन' शेगडीही येऊन बसली आहे. दोघींचे रुसवे निराळे आणि उपायही निराळे. परंतु अपघात अधिक घडविते ती जुनी, साधी, उघड्या तारेची शेगडी, आणि म्हणून तिचा विचार आधी.

या शेगडीतील तार साधी लोखंडी किंवा तांब्याची नसते. अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने १९०६ साली निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले आणि विजेवर तापणाऱ्या घरगुती वस्तूंचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. हा मिश्रधातू लालबुंद तापला तरी जळून जात नाही. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक पातळ थर जमतो आणि तोच आतल्या धातूचे चिलखत बनतो. हे चिलखत मात्र ठिसूळ असते. तार वारंवार वाकविली, तिच्यावर आमटीतील मीठ सांडले, दूध उतू जाऊन जळले, तर ते फुटते. तार त्या जागी बारीक होत जाते. बारीक जागा इतरांपेक्षा अधिक तापते. अधिक तापली म्हणून आणखी झिजते. आणि एके दिवशी तेथेच तुटते. शेगडी 'अचानक' बंद पडली असे घरात म्हटले जाते, पण त्या अचानकपणाची तयारी कित्येक महिने चाललेली असते.

शेगडी मुळीच तापत नाही, ही पहिली आणि सर्वांत सामान्य तक्रार. अशा वेळी शेगडीवर संशय घेण्यापूर्वी भिंतीवरील सॉकेटची परीक्षा करावी. तेथे टेबलावरचा दिवा लावून पाहिला आणि तो लागला, तर वीज सॉकेटपर्यंत येत आहे असे ठरले. मग पाळी येते दोरीची, म्हणजे प्लगपासून शेगडीपर्यंतच्या वायरची. ती बहुधा मध्यभागी तुटत नाही; प्लगच्या तोंडाशी आणि शेगडीत शिरते त्या जागी, जेथे रोज वाकते तेथे, आतल्या आत तुटते. बाहेरचे रबर शाबूत दिसते म्हणून पुष्कळजण फसतात. दोरी ठीक असेल तर उरते ती गुंडाळी, आणि तिचे तुटणे नीट पाहिल्यास डोळ्यांनाच दिसते: एखाद्या वळणाशी दोन टोके अलग झालेली असतात, किंवा तेथे काळसर गुठळी जमलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप, ती येथे येते. गुंडाळी तुटली आहे, शेगडी थंडगार आहे, लाली नाही, ऊब नाही. घरातील माणसाला वाटते, हिच्यात वीजच नाही. आणि तो सुरीच्या टोकाने, चिमट्याने, कित्येकदा नुसत्या बोटाने ती टोके जुळवावयास जातो. वास्तविक त्या क्षणी ती शेगडी तापलेल्या शेगडीपेक्षा अधिक फसवी असते. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक जिवंत, जिला वायरमन फेज म्हणतात ती. दुसरी परतीची, न्यूट्रल. गुंडाळी मध्ये तुटली की वाट तुटते आणि वाहणे थांबते, हे खरे. पण तुटलेल्या दोन तुकड्यांपैकी जो फेजला जोडलेला आहे, तो तुटल्या टोकापर्यंत पुरता जिवंत असतो. त्याच्यावर २३० व्होल्टचा दाब असतो. त्याला फक्त परतीची वाट मिळालेली नसते. बोट लावणारा माणूस अनवाणी उभा असेल, फरशी ओली असेल, तर ती वाट तो स्वतःच पुरवितो. लाल तारेला कोणी हात लावीत नाही, कारण ती भाजेल हे लहान मूलही जाणते. थंड तार मात्र माणसाला जवळ बोलावते.

यावर कोणी म्हणेल की बटण बंद करून काम केले म्हणजे झाले. तेवढ्याने भागत नाही. घरातील साधे बटण दोन तारांपैकी एकच तोडते. नियमाप्रमाणे ते फेजवर बसविलेले असावयास पाहिजे. परंतु जुन्या घरांत, जेथे तीन पिढ्यांच्या हातांनी वायरिंग वाढविलेले असते, तेथे एखादे बटण न्यूट्रलवर बसलेले सापडणे मुळीच अशक्य नाही. असे बटण बंद केले की शेगडी विझते, पण तिची संपूर्ण गुंडाळी फेजला जोडलेलीच राहते. म्हणजे बटण बंद, शेगडी थंड, आणि तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जिवंत! खिशातला टेस्टर अशा वेळी लागला तर धोका खरा समजावा. पण तो लागला नाही म्हणून तार मेली असे समजू नये. माणूस कोरड्या लाकडी पाटावर उभा असेल तर टेस्टरचा दिवा इतका मंद लागतो की उजेडात दिसतच नाही. तेव्हा शेगडीला हात लावण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा आणि तो डोळ्यांसमोर, हात लावणाऱ्याला दिसेल असा ठेवावा. घरातील दुसऱ्या कोणी 'अरे, हा प्लग कोणी काढला?' म्हणून तो परत लावू नये, एवढ्यासाठी तो समोर असणे जरूर आहे.

तुटलेल्या गुंडाळीची टोके एकमेकांत पिळून शेगडी पुन्हा चालू करणे ही आपल्याकडची फार जुनी, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर फार लाडकी, दुरुस्ती आहे. ती काही दिवस चालते, म्हणूनच तिच्यावरचा विश्वास उडत नाही. पण ज्या ऑक्साइडच्या थराने तार वाचविलेली असते, तोच थर सांध्यात आडवा येतो. तो विजेला नीट जाऊ देत नाही. सांधा ठिणग्या टाकतो, भोवतालच्या तारेपेक्षा जास्त तापतो आणि पुन्हा तुटतो. दर तुटण्याला तारेची वळणे थोडी थोडी कमी होतात. दहावा हिस्सा तार कमी झाली की तिचा विरोध दहावा हिस्सा कमी होतो आणि २००० वॅटची शेगडी सव्वाबावीसशे वॅटच्या आसपास खाऊ लागते. शेगडी पूर्वीपेक्षा चांगली तापते म्हणून घरात आनंद होतो. तो आनंद तारेच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होत असतो.

नवी गुंडाळी बाजारात फार महाग नसते. ती घेताना शेगडीवर लिहिलेले वॅट आणि गुंडाळीचे वॅट एकच आहेत हे पाहावे. बसविण्याआधी एक सुतळी खाचेतून फिरवून खाचेची लांबी मोजावी आणि गुंडाळी, दोन्ही टोके धरून, सारखी तेवढीच ताणावी. येथेच बहुतेकांचा हात चुकतो. गुंडाळी खाचेत बसवीत बसवीत ताणली तर सुरुवातीला ती विरळ होते आणि शेवटी उरलेली वळणे दाटीने कोंबावी लागतात. दाट वळणे एकमेकांना तापवितात, लाल ऐवजी पिवळट दिसू लागतात, आणि नवी गुंडाळी महिन्याभरात तेथेच तुटते. मग दोष दुकानदाराच्या माथी! टोके स्क्रूखाली घट्ट धरलेली असावीत, आणि तबकडीखालच्या तारांवर चिनी मातीचे जे लहान मणी ओवलेले असतात ते पुन्हा तसेच ओवावेत. ते मणी शोभेचे नाहीत. त्या उष्णतेत रबर किंवा प्लॅस्टिक टिकत नाही म्हणून ते असतात. गुंडाळी कोठेही खाचेच्या वर डोके काढीत असेल तर शेगडी वापरू नये, कारण वर आलेले वळण पातेल्याच्या बुडाला टेकते आणि पातेलेच जिवंत होते.

दुसरी तक्रार, शेगडी तापते पण रडतरखडत. तिचे कारण शेगडीत शोधण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, घरोघर कूलर आणि वातानुकूलन यंत्रे चालू असतात, आणि संध्याकाळी वस्तीतील विजेचा दाब उतरला तर शेगडीला त्याचा फटका अपेक्षेपेक्षा मोठा बसतो. तापविणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० व्होल्टवरून १८० वर आला, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा उतरला, तर शेगडीची शक्ती पाचव्या हिश्शाने नव्हे, जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. २००० वॅटची शेगडी सव्वाबाराशे वॅटांची होऊन बसते. पूर्वी दिवा पिवळा पडला की गृहिणीला दाब उतरल्याचे आपोआप कळे. आताचे एलईडी दिवे कमी दाबावरही तसाच उजेड देतात, त्यामुळे ती खूण गेली. छताच्या पंख्याची मंदावलेली चाल तेवढी उरली आहे.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. एक लिटर पाणी झाकण ठेवून १००० वॅटच्या शेगडीवर ठेवावे. पंचवीस अंशांवरून उकळीपर्यंत जाण्यास, सारी उष्णता पाण्यातच गेली असती तर, सव्वापाच मिनिटे लागली असती. उघड्या शेगडीची बरीच उष्णता इकडेतिकडे जाते, म्हणून प्रत्यक्षात आठ मिनिटांच्या आसपास लागतात. २००० वॅटच्या शेगडीवर दोन लिटरांना हाच हिशेब. सकाळी दहा वाजता आठ मिनिटे आणि रात्री आठ वाजता तेरा मिनिटे लागत असतील, तर शेगडी निर्दोष आहे. तक्रार वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर करावी. सकाळ-संध्याकाळ सारखाच उशीर लागत असेल तर दोष घरात आहे, आणि तो बहुधा एखाद्या ढिल्या सांध्यात आहे.

ढिला सांधा ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे. २००० वॅटची शेगडी सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेते. प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसली आणि त्या जोडात अवघ्या अर्ध्या ओहमचा विरोध निर्माण झाला, तर तेथे सुमारे ३८ वॅट उष्णता उत्पन्न होते. डाग देण्याच्या विजेच्या कावियाइतकी! ती उष्णता भिंतीतल्या एका चिमुकल्या प्लॅस्टिकच्या पेटीत कोंडलेली असते. प्लग हाताला चटका देऊ लागला, पिन काळी पडली, मासळीसारखा किंवा जळक्या रबराचा वास येऊ लागला, तर त्या सॉकेटचा वापर तेव्हाच थांबवावा. प्लग घासून पुसून पुन्हा लावण्यात अर्थ नसतो. सॉकेटमधील पितळी पट्ट्यांचा ताठपणा उष्णतेने गेलेला असतो आणि तो परत येत नाही. प्लग व सॉकेट दोन्ही बदलावीत. एकदम दोन्ही, कारण जुना काळा प्लग नव्या सॉकेटलाही बिघडवितो. २००० वॅटच्या शेगडीला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये अडॅप्टर खुपसून तिला चालविणे म्हणजे बैलगाडीच्या जुवाला हत्ती जुंपणे होय.

तिसरी तक्रार झिणझिण्यांची. 'शेगडी जरा करंट मारते' हे वाक्य ग्वाल्हेरात काय आणि पुण्यात काय, ज्या सहजतेने उच्चारले जाते ती सहजता भयंकर आहे. 'जरा' हे विशेषण शेगडीला लागू नसते. ते त्या दिवशीच्या कोरड्या पायांना आणि रबरी चपलांना लागू असते. तीच शेगडी, तीच तार, पण फरशी नुकतीच पुसलेली, हात पिठाचा ओला, मनगटात धातूची बांगडी आणि हातात पोलादी पळी, एवढा फरक पडला की 'जरा' उरत नाही.

झिणझिण्यांची कारणे तीन-चार असतात. पावसाळ्यानंतर माळ्यावरून काढलेल्या शेगडीची मातीची तबकडी ओल धरून बसलेली असते, आणि ओली माती विजेला वाट देते. अशी शेगडी दोन दिवस कडक उन्हात ठेवूनच वापरावी. उतू गेलेले दूध खाचेत जळून त्याचा कोळसा होतो आणि कोळसाही वाहक आहे. तो शेगडी थंड झाल्यावर, प्लग काढून, कोरड्या ब्रशाने झाडून काढावा. पाण्याने तबकडी धुणे सर्वस्वी वर्ज्य. तबकडीखालची एखादी तार पत्र्याला टेकलेली असू शकते. आणि या सर्वांवर पांघरूण घालणारी जी तिसरी तार, अर्थिंगची, ती बहुतेक वेळा कापलेली, किंवा दोन पिनांच्या प्लगामुळे जोडलेलीच नसलेली, अशी आढळते.

अर्थिंग म्हणजे पत्र्यावर उतरलेल्या विजेला माणसाच्या देहाऐवजी जमिनीत जाण्याची सोपी वाट करून देणे. ही वाट जमिनीच्या ओलाव्यावर अवलंबून असते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालतात तो ओल टिकावी म्हणून. ग्वाल्हेरसारख्या कोरड्या, खडकाळ जमिनीच्या आणि लू वाहणाऱ्या गावी उन्हाळ्यात हा खड्डा सुकतो, आणि हिवाळ्यात चोख असलेले अर्थिंग ज्येष्ठात नावापुरते उरते. तुळशीला पाणी घालताना आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी त्या खड्ड्यातही ओतावे. काम क्षुद्र आहे, पण त्या घरातील प्रत्येक यंत्राची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते.

मात्र अर्थिंग शेगडीच्या पत्र्याचे रक्षण करते, मातीच्या तबकडीवर ठेवलेल्या पातेल्याचे नाही. पातेले जिवंत झाले तर पळी धरणाऱ्या हाताला अर्थिंगची मदत होत नाही. फ्यूजचीही होत नाही. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, ती तारांना आगीपासून वाचविण्यासाठी असतात. माणसाच्या जिवाशी त्यांचा थेट संबंध नाही. माणसाला धोका पोचविण्यास ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही पुरेसा होतो. शेगडी स्वतः जेवढा प्रवाह घेते त्याचा हा जवळजवळ तीनशेवा भाग! एवढीशी भर फ्यूजला कळणार कशी? ती ओळखणारे उपकरण निराळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ ते सतत घालीत असते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसताच निमिषार्धात पुरवठा तोडते. त्याच्यावर परीक्षेचे एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर पुरवठा तुटला नाही तर उपकरण निकामी झाले असे समजावे. ज्या घरी उघड्या तारेची शेगडी वापरावयाची आहे, त्या घरी हे उपकरण नसणे म्हणजे केवळ नशिबावर स्वयंपाक करणे आहे.

एमसीबी वारंवार पडते तेव्हा ती केव्हा पडते हे पाहिले की निदान अर्धे होते. प्लग लावताच पडली तर आत दोन तारा एकमेकींना भिडल्या आहेत. दहा-पंधरा मिनिटांनी पडली तर त्या वाटेवर ओझे जास्त झाले आहे. शेगडी, इस्त्री आणि पाणी तापविण्याचा बंब एकाच वाटेवर आहेत. एमसीबी ठीक आणि आरसीसीबी पडली तर वीज कोठेतरी गळते आहे. जुन्या फ्यूजच्या घरांत तार उडाली की तिच्या जागी दुपदरी, तिपदरी तार घालण्याची खोड असते. फ्यूज उडू नये यासाठी केलेली ही युक्ती भिंतीतील वायरलाच फ्यूज बनविते.

लोखंडी झाकणबंद हॉट प्लेटचे दुखणे थोडे आहे. ती उशिरा तापते, उशिरा निवते. हा दोष नव्हे, तिचा स्वभावच तो. बूड वाकलेले पातेले तिच्यावर अर्धेच टेकते आणि मग स्वयंपाक होत नाही. तापलेल्या प्लेटवर गार पाणी पडू देऊ नये. तिच्या आतील नियामक गरजेप्रमाणे वीज तोडतो आणि जोडतो, त्यामुळे मधूनमधून 'टक्' असा आवाज येतो; काचेखाली लाल दिसणाऱ्या इन्फ्रारेड शेगडीची लालीही अशीच येते आणि जाते. पुष्कळजण यालाच बिघाड समजून दुकान गाठतात.

इंडक्शनची गोष्ट वेगळी. तिच्यात तापणारी तार नाहीच. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून फार जलद उलटसुलट होणारा प्रवाह वाहतो आणि त्याच्या चुंबकीय प्रभावाने पातेल्याचे बूडच तापते. म्हणून पहिली तक्रार, 'शेगडी टूं टूं करते आणि बंद पडते', ही निम्म्याहून अधिक वेळा भांड्याची असते. आजीचे पितळी पातेले, तांब्याचा हंडा, अॅल्युमिनियमची कढई तिला दिसतच नाहीत. स्टीलचेही दोन प्रकार आहेत. निकेल अधिक असलेले उत्तम, चकचकीत स्टील पुष्कळदा चुंबकाला दाद देत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर ते चालेल, एवढी परीक्षा पुरे. लोखंडी तवा चालतो, फक्त काचेवर तो घसटू नये.

दुसरी तक्रार, काही वेळाने आपोआप बंद पडण्याची. तिचा पंखा खालून हवा ओढतो. खाली वर्तमानपत्र किंवा मेणकापड अंथरलेले असेल, शेगडी भिंतीला टेकलेली असेल, जाळीत पिठाची धूळ व झुरळे असतील, तर आतील भाग तापतात आणि ती स्वतःला वाचविण्यासाठी थांबते. धुळीची वादळे येणाऱ्या गावी ही जाळी महिन्याला झाडावी. स्वयंपाक झाल्यावर पंखा थोडा वेळ चालतो. तो थांबण्यापूर्वी प्लग उपटू नये. पडद्यावर उमटणाऱ्या 'ई' आणि आकड्याच्या खुणांचा अर्थ प्रत्येक कारखानदाराचा निराळा असतो, म्हणून सोबतची पुस्तिका जपून ठेवावी. काचेला तडा गेला तर शेगडी तत्क्षणी बंद करावी, कारण तड्यातून पाणी थेट आत उतरते. आणि ही शेगडी घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील संधारकात काही काळ वीज साठून राहते.

वीज गेली म्हणून शेगडी इन्व्हर्टरवर लावण्याचा मोह काही घरांत होतो. २००० वॅटसाठी बारा व्होल्टच्या बॅटरीतून दीडशेहून अधिक अँपिअर ओढावे लागतील. घरगुती इन्व्हर्टरची ती ताकद नसते. ग्वाल्हेरची कडाक्याची थंडी पडली की उघडी शेगडी खोलीत शेकण्यासाठी पेटविण्याचीही चाल आहे. दुलईचे टोक आणि रांगणारे मूल ही दोन्ही तिच्यापासून सारखीच दूर ठेवण्यासारखी आहेत.

इतकी काळजी घेऊनही एखाद्याला शेगडीने धरलेच, तर त्याला हात लावून ओढू नये. ओढणाराही तसाच चिकटतो. प्रथम मेन स्विच बंद करावा. तो दूर असेल तर कोरड्या लाकडी काठीने, लाटण्याने किंवा पाटाने त्याचा हात तारेपासून सोडवावा, स्वतः कोरड्या जागी उभे राहून. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, जोराने दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, चहा मागू लागला, तरीही त्याला डॉक्टरकडे न्यावे. विजेचा हृदयावरील परिणाम काही तासांनी प्रकट होऊ शकतो.

राहता राहिला मिस्त्री. तो आला म्हणजे 'शेगडी बिघडली' एवढेच सांगून गृहिणी दुसऱ्या कामाला लागते आणि तो नवी गुंडाळी घालून निघून जातो. त्याला तीन कामे नेमून सांगावीत. शेगडीच्या सॉकेटचे बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे त्याने तपासावे. सॉकेटच्या वरच्या, मोठ्या छिद्रात अर्थिंग खरोखर पोचते की नुसतेच छिद्र आहे, हे तपासावे. आणि घरात आरसीसीबी असेल तर ती त्याच्यासमोर एकदा पाडून पाहावी. या तीन कामांना अर्धा तास पुरतो. जुन्या घरात बटण न्यूट्रलवर निघाले, तर त्याच खेपेस बाकीची बटणेही तपासून घ्यावीत. जेथे एक चुकले तेथे एकच चुकलेले नसते.